चुसनी आणि काळा दोरा

मुलगा जन्मला तेव्हा पहिले अठरा दिवस तो माझ्याजवळ नव्हता. सात आठवडे आधीच आला, वजन पावणेदोन किलोलाही थोडं कमी, म्हणून त्याला थेट काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दिवसातून तीन वेळा मी कोपरापर्यंत हात धुऊन, दवाखान्याच्या निळ्या सपाता घालून त्या खोलीत जायची आणि पेटीजवळच्या स्टुलावर बसायची. त्याच्या नाकातून एक बारीक नळी पोटात गेलेली असे. मी काढून दिलेलं दूध सिस्टर त्या नळीतून सोडत. मला करण्यासारखं काही नव्हतं. बसायचं आणि बघायचं.

चौथ्या दिवशी गेले तर त्याच्या तोंडात चुसनी होती, अंगठ्याच्या पेराएवढी. मी धुळ्याची, लग्न होऊन उज्जैनला आलेली; माहेरी तिला चोखणी म्हणतात, आणि माझी आई म्हणायची, जिला पोर सांभाळायचा कंटाळा ती त्याच्या तोंडात चोखणी कोंबते. मी सिस्टरना म्हटलं, "ये निकाल दीजिए. आदत पड़ जाएगी."

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. दूध सोडता सोडता म्हणाल्या, "मैडम, दूध तो नली से जा रहा है. पर चूसना नहीं सीखेगा तो कल आपका दूध कैसे खींचेगा? ये आदत नहीं है, इसकी पढ़ाई है."

मग मी त्या चुसनीकडेच बघत बसू लागले. तो पाच-सहा वेळा चोखायचा आणि थांबायचा. थांबला की मी स्टूल घट्ट धरायची. पुन्हा चोखायला लागला की मी हात सैल सोडायची. पेटीच्या वरच्या यंत्रावर हिरवे आकडे पळत असत, पण ते मला कळत नव्हते. चुसनी कळत होती. हलतेय म्हणजे तो आहे.

एकोणिसाव्या दिवशी त्याला घरी आणलं तेव्हा नळी गेली होती, चुसनी राहिली होती. आणि माझी ती बघण्याची सवयही राहिली. तो झोपला की मी स्वयंपाकघरातून दोन-दोन मिनिटांनी येऊन त्याच्या तोंडाकडे बघायची. भाजी करपायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या. नवरा म्हणायचा, "तू जरा बस ना." मी बसायची आणि लगेच उठायची.

नवरा रेल्वेत, गाडीवरची ड्यूटी. दोन दिवस घरी तर तीन दिवस बाहेर. घरात मी, बाळ आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. आईंचं सगळं आयुष्य उज्जैनात गेलं; माहेर इथलंच, सासर इथलंच. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि हिंदी अशी मिसळलेली की कुठली कुठं संपते ते त्यांनाही ठाऊक नाही. "बाळ रडून राहिलं, जरा देखून घे," असं त्या म्हणत. सत्तरी गाठलेली, दोन्ही गुडघे गेलेले. मांडी घालून बसता येत नाही आणि खाली बसल्या तर उठता येत नाही. बाळाला मांडीवर घेऊन पलंगावर बसायच्या, पण उचलून चालणं त्यांना जमत नसे.

माझी बँक टॉवर चौकाजवळ, माधव नगरातल्या आमच्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं. रजा संपली तेव्हा बाळ सात महिन्यांचं होतं. शेजारच्यांच्या ओळखीतून एक बाई मिळाली. पन्नाशीची, उंच, हातात चांदीची जाड कडी. राम घाटाच्या वरच्या गल्लीत राहायची आणि तिची मुलगी घाटावर फुलं-दिवे विकायची. सगळे तिला जीजी म्हणत, आम्हीही जीजीच म्हणू लागलो. पहिल्या दिवशी तिनं बाळाला खांद्यावर घेतलं, त्याच्या पाठीवर तीन बोटांनी थापटत खोलीत दोन चकरा मारल्या आणि ते झोपलं. मी त्याला झोपवायला तास-तास घालवायची. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी तिला म्हटलं, "जीजी, इतना जोर से मत थपकिए. कमज़ोर बच्चा है."

मी एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. हिंदीत, अकरा मुद्दे. दूध किती वाजता, पाणी किती उकळायचं, चुसनी दिवसातून कितीदा उकळायची, जमिनीवर पडली तर काय करायचं. तिनं त्या कागदाकडे बघून मान डोलावली. जीजीला वाचता येत नव्हतं, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. मी निघून गेल्यावर रोज आई तिला तो कागद वाचून दाखवत.

बँकेत माझं लक्ष नसे. काउंटरवर माणूस उभा असे, मी त्याचं पासबुक हातात धरून फोनकडे बघत असे. अकराला फोन, एकला फोन, अडीचला फोन. "सो गया?" "दूध पिया?" "चुसनी उबाली?" कधी जीजी उचलायची, कधी आई. जीजीचं उत्तर नेहमी एकच, "सब अच्छा है भाभी." या उत्तरानं माझं समाधान होत नसे. सगळं चांगलं कसं असेल? मी संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी बाळाचं डोकं, मान, पाठ, तळवे बघायची. जीजी बाजूला उभी राहून ते बघत असायची.

एकदा मी लवकर आले तर चुसनी पडलेली. जीजीनं ती उचलली, पदराला पुसली आणि त्याच्या तोंडात दिली. मी दारातूनच ओरडले. दुसऱ्यांदा तिनं ती स्वतःच्या तोंडात घालून साफ केली आणि मग त्याला दिली. त्या दिवशी मी ओरडले नाही. हळू आवाजात बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. "जीजी, इतनी सी बात समझ में नहीं आती आपको? आपके घर में होता होगा ऐसा, मेरे घर में नहीं होगा. इसको कुछ हुआ तो आप जवाब देंगी?"

आई पलंगावर बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. जीजी म्हणाली, "अब नहीं होगा भाभी."

मी टॉवर चौकातल्या औषधांच्या दुकानातून आणखी पाच चुसन्या आणल्या. सहा चुसन्या, एक पातेलं, एक चिमटा. पडली की दुसरी घ्यायची, पडलेली उकळायची. पण बाळ आता रांगायला लागलं होतं, धरून उभं राहात होतं. चुसनी काढायची आणि फेकायची हा त्याचा खेळ झाला होता. फेकली की तीच हवी म्हणून रडायचं. सहाच्या सहा चुसन्या दुपारपर्यंत पातेल्यात असायच्या.

त्याचा पहिला वाढदिवस होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी निघताना मी चुसनी पलंगाखाली धुळीत पडलेली पाहिली आणि दोघींकडे बघून म्हटलं, "पुन्हा एकदा जरी जमिनीवरची चुसनी याच्या तोंडात गेलेली दिसली, तर मी नोकरी सोडून घरी बसेन. मग कुणाचीच गरज नाही." हे मराठीत म्हटलं की हिंदीत, आता आठवत नाही. दोघींना कळलं एवढं खरं.

त्या दिवशी दुपारी बँकेत सगळी यंत्रणा बंद पडली. साहेबांनी चारच्या आतच सोडलं. मी फोन न करता घरी आले. आई पलंगावर डुलक्या घेत होत्या. स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येत होता. बाळ खाली गादीवर पालथं झोपलेलं, तोंड भिंतीकडे. मी जवळ बसले आणि सवयीनं त्याच्या तोंडाकडे बघायला वाकले. चुसनी तोंडात नव्हती. त्याच्या मानेभोवती काळा दोरा होता.

दोरा मागून पुढं येऊन त्याच्या छातीखाली गेला होता. दोऱ्याच्या टोकाला चुसनी बांधलेली, आणि ती चुसनी त्याच्या अंगाखाली दबलेली. तो जितका भिंतीकडे सरकला असेल तितका दोरा ओढला गेला होता. मी त्याला उताणा केला. मानेवर लाल वळ उठला होता, बोटभर लांब. तो जागा झाला, माझ्याकडे बघून त्यानं जांभई दिली आणि हसला. गाठ सुटेना. शेवटी दातानं दोरा तोडला.

जीजी ओल्या हातांनी बाहेर आली. मी तिला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. "आप"वरून "तुम"वर आले हे आठवतं. "गला घोंट देती तुम इसका," असं म्हणाले हे आठवतं. ती मध्ये एकदाच बोलली, "भाभी, नीचे गिर जाती थी, इसलिए..." मी म्हटलं, "चली जाओ." तिनं एकदा आईंकडे पाहिलं. मला वाटलं, ती आईंनी आपली बाजू घ्यावी म्हणून बघतेय. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी पलंगाची कड धरलेली. त्या काही बोलल्या नाहीत. जीजीनं हात पदराला पुसले, दारामागची पिशवी घेतली आणि गेली. जिन्यावरून उतरताना तिच्या कड्यांचा आवाज येत राहिला.

तो वळ संध्याकाळपर्यंत गेला. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, काही झालेलं नाही, पण गळ्यात दोरा, साखळी, काहीही पुन्हा नको. मी म्हटलं, "मी नाही बांधला." ते म्हणाले, "कोणीही बांधू नका."

पुढचे दहा-बारा दिवस फार वाईट गेले. नवऱ्यानं चार दिवस रजा काढली, मग मी काढली. बाळ दुपारी झोपेना. चुसनी दिली की थुंकायचं, काढून घेतली की रडायचं. दाराकडे हात करून ऊं-ऊं करायचं. मी त्याला खांद्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायची, पाठीवर थापटायची. माझं थापटणं त्याला पटत नसे. तीन बोटांनी थापटून पाहिलं, चार बोटांनी पाहिलं. त्याचा आवाज बसला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, बच्चे को क्या हुआ. आई या दिवसांत जेवत नव्हत्या म्हटलं तरी चालेल. पोळी कुस्करायच्या आणि तशीच ठेवायच्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नाही.

रविवार होता. नवरा ड्यूटीवर. आई पलंगावर मटार सोलत बसल्या होत्या, मी बाळाला घेऊन फिरत होते. ते रडत होतं. मी वैतागून म्हटलं, "त्या बाईनं याची पार सवय बिघडवून ठेवली."

आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "दोरा मी बांधला होता."

मला आधी ऐकू आलं नाही. "काय?"

"तो दोरा. जीजीनं नाही. मी बांधला होता. करदोड्याचा दोरा उरलेला होता माझ्या डब्यात, तोच घेतला." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "त्या दिवशी त्यानं चार वेळा फेकली. ती बिचारी चार वेळा उकळायला गेली. तो इकडे रडून राहिला. मला खाली वाकून उचलता येत नाही. मी म्हटलं, बांधूनच टाकू गळ्यात, पडणारच नाही. म्हणजे तूही रागावणार नाहीस."

मी बाळाला घट्ट धरलं होतं. ते रडायचं थांबून माझ्या कानातलं ओढायला लागलं. मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू कशी बोलून राहिली होतीस, तुला माहीत नाही," आई म्हणाल्या. "माझी जीभच उचलली नाही. मला वाटलं, हिला कळलं तर ही पोराला माझ्या हातात द्यायची नाही. मग ती गेली. ती गेल्यावर वाटलं, आता सांगून काय. रोज वाटायचं, आज सांगू." त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हातानं काय झालं असतं, सांग बरं."

मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासू लागले. मला राग आला होता, पण तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. आईंवर धरावा तर त्या बाहेर रडत होत्या. जीजीनं त्यांच्याकडे पाहिलं होतं, ती नजर मला आता वेगळीच आठवत होती. ती मदत मागत नव्हती. ती फक्त बघत होती, या बोलतात का. आणि मग दोघी गप्प बसल्या, कारण मी समोर उभी होते. सत्तर वर्षांची बाई आपल्या सुनेला घाबरून बारा दिवस जेवली नव्हती, आणि ते माझ्या घरात झालं होतं.

भांडी घासून झाली. मी हात पुसले, बाहेर आले आणि म्हटलं, "आई, मी जीजीकडे जाऊन येते. बाळाला घेऊन जाते."

त्या म्हणाल्या, "मला पण ने."

"घाटाच्या पायऱ्या आहेत आई, जमणार नाही तुम्हाला."

"मग माझ्याकडून सांग," त्या म्हणाल्या. "नीट सांग. घाईत नको सांगू."

जीजी फोन उचलत नव्हती, तो आधी दोनदा लावून पाहिला होता. त्या गल्लीतलं घर कुठलं ते माहीत नव्हतं. फक्त घाटावरची मुलगी माहीत होती. रविवारची गर्दी, रिक्षा अलीकडेच अडवली. बाळाला पोटाशी बांधून मी चालत निघाले. चुसनी त्याच्या तोंडात होती आणि तो मान वळवून वळवून सगळं बघत होता. राम घाटावर यात्रेकरूंचे घोळके उतरत होते, पंडे त्यांना हाका मारत होते, माईकवरून कुणाच्या तरी हरवलेल्या नातेवाइकाचं नाव पुकारत होते. मी प्रत्येक फुलवालीपाशी थांबून विचारत होते. चौथ्या की पाचव्या टोपलीमागं जीजीची मुलगी सापडली. तिनं मला ओळखलं नाही, पण बाळाला पाहून लगेच म्हणाली, "ये वही है क्या?" आणि बोटानं दाखवलं.

जीजी थोडी पुढं पायरीवर बसून द्रोणात फुलं आणि वाती लावत होती. मला पाहून उठली नाही. तिनं बाजूला सरकून जागा केली. मी बसले.

"जीजी, दोरा माँजी ने बांधा था. मुझे आज पता चला," मी म्हटलं. आईंनी सांगितलं होतं घाई करू नको, आणि मी पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलं. "आपने बताया क्यों नहीं?"

ती वात वळत राहिली. "माँजी के सामने माँजी का नाम कैसे लेती भाभी?"

"मुझे माफ कर दीजिए. माँजी ने भी कहा है. वो बहुत रोई हैं."

"माँजी को बोलना, रोएं नहीं." मग तिनं द्रोण बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. "पर एक बात है. डोरा बांधते टाइम मैं वहीं खड़ी थी. मुझे ठीक नहीं लगा था. मैंने बच्चे पाले हैं, मुझे मालूम है. पर मैंने सोचा, चुसनी फिर गिरेगी तो भाभी फिर बोलेंगी. तो मैं भी चुप रही. गलती मेरी भी है. आप अकेली माफी मत मांगो."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट बसवेना. तिनं पाहिलं होतं, तिला कळलं होतं, आणि तरी ती बोलली नव्हती. जे मला त्याच्यापासून दूर ठेवायचं होतं ते माझ्याच धाकामुळं त्याच्या गळ्यापर्यंत पोचलं होतं.

बाळ एवढ्या वेळात जीजीकडे टक लावून बघत होतं. मला वाटलं होतं, झेप घेईल. घेतली नाही. त्यानं फक्त तोंडातली चुसनी काढली आणि हात लांब करून जीजीच्या ओठांना लावली. घरी तो हे सगळ्यांना करायचा. जीजीनं तोंड मिटून मान मागं घेतली आणि घाईनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "लगाने दीजिए, जीजी."

तेव्हा ती हसली. त्याला तिनं माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थापटत दोन पायऱ्या वर गेली, दोन खाली आली. आरतीची तयारी सुरू झाली होती, कुणी घंटा वाजवून बघत होतं. तेवढ्या गलक्यात तो झोपला.

मी विचारलं, "कल से आएंगी?"

"नहीं भाभी." तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. "फ्रीगंज में जुड़वां बच्चियां हैं, पिछले हफ्ते से वहां जा रही हूं. ज़बान दे दी है." मग म्हणाली, "और आपके घर में मैं अब डर-डर के काम करूंगी. डर के बच्चा नहीं पलता."

मी आग्रह केला नाही. तिनं झोपलेलं बाळ माझ्याकडे दिलं, बांधायला मदत केली, त्याची मान नीट आहे ना हे दोनदा पाहिलं. निघताना तिच्या मुलीनं एक द्रोण हातात दिला. मी तो नदीत सोडला की नाही, आठवत नाही. गर्दीतून बाहेर पडायची घाई होती.

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं, जीजीचं भीतीबद्दलचं वाक्यसुद्धा. ते सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. फ्रिजवरचा कागद काढला. त्यावेळीच आई म्हणाल्या, "बरं झालं. तिला वाचता येत नव्हतं. मला रोज वाचून दाखवावा लागत होता."

मी महिनाभराची रजा वाढवून घेतली. मग खालच्या काकूंनी आपणहून म्हटलं, दुपारी मी ठेवेन. त्यांना सूचना देताना मला जीभ चावावी लागायची. एकदा त्यांच्या नातवाची बाटली माझ्या मुलाच्या तोंडात पाहिली आणि मी जिन्यात जाऊन उभी राहिले, शंभरपर्यंत मोजलं, मग आत गेले. सुधारले असं म्हणणार नाही. आतून तशीच होते. फक्त बाहेर कमी येऊ देत होते.

चुसनी अडीच वर्षं पूर्ण होईपर्यंत राहिली. दातांचे डॉक्टर रागावले, आईंच्या बहिणीनं कारल्याचा रस लावायला सांगितला, नवरा म्हणाला एकदम बंद कर. मी यातलं काहीही केलं नाही. एक दिवस सकाळी त्यानं ती चावून फाडली. रबराचा तुकडा त्याच्या जिभेवर होता, त्यानं तो स्वतःच काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "तुटली." मी दुसरी दिली नाही. दोन दुपारी रडला. तिसऱ्या दिवशी आईंची गुडघे शेकायची पाण्याची पिशवी पोटाशी धरून झोपला. माझ्या पर्समध्ये मात्र एक चुसनी डबीत घालून महिनाभर होती.

आईंशीही काही बदललं. तो पावणेतीन वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला पूर्ण दिवसाच्या शाळेत घालायचं ठरवलं. जेवताना सांगितलं. आई म्हणाल्या, "मला पटत नाही." नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी विचारलं, "का?" त्या म्हणाल्या, "इतक्या लहान पोराला इतका वेळ नको. दोन तास ठीक आहे. तुझी भीती वेगळी, माझी वेगळी, पण मी बोलणार." आम्ही चांगला अर्धा तास भांडलो. आवाज चढले. मी रागानं ताट उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या शाळेचा फॉर्म आणला. आईंनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला.

परवा संध्याकाळी मुलाला घेऊन टॉवर चौकात गेले होते. त्याला बूट घ्यायचे होते. दुकानातून बाहेर पडलो आणि समोरून जीजी आली. एका हाताला एक मुलगी, दुसऱ्या हाताला दुसरी, दोघींचे केस सारखेच बांधलेले. मी हाक मारली. ती थांबली, मुलाकडे पाहून म्हणाली, "अरे, इत्ता बड़ा हो गया." तिनं त्याच्या गालाला हात लावायला हात पुढं केला तसा तो माझ्या मागं गेला.

"जीजी को नमस्ते करो," मी म्हटलं. त्यानं केलं नाही.

"रहने दो भाभी. माँजी कैसी हैं?"

"अच्छी हैं. गुडघे वैसे ही हैं."

मी गुडघे म्हटलं, घुटने नाही, आणि तिला ते कळलं. ती हसली. तेवढ्यात एका मुलीनं कुरकुर सुरू केली, तिला भूक लागली होती. जीजी म्हणाली, "चलूं," आणि दोघींना घेऊन गर्दीत शिरली.

स्कूटीवर पुढं उभा राहून मुलगा विचारत होता, "ती कोण होती?"

"तुला सांभाळायची. तू छोटा होतास तेव्हा."

"मग आता का नाही?"

मी हेल्मेटचा पट्टा लावत होते. तो लागत नव्हता. "मी तिला खूप रागावले होते," मी सांगितलं. "तिची चूक नसताना."

"सॉरी म्हटलंस?"

"म्हटलं."

"मग?"

मागून गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. मी स्कूटी सुरू केली आणि त्याला आरशाला धरायला सांगितलं. घर येईपर्यंत तो तेच विचारत राहिला, आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं सांगत राहिले.